मलिक अंबरच्या नावातलं अंबर

'अंबर' म्हटलं की मराठी माणसाला आधी आभाळ आठवतं. पीतांबर, दिगंबर, नीलांबर या नावांतून शब्द घरातलाच झालेला असतो. वस्त्र आणि आकाश हे त्याचे दोन्ही अर्थ शाळेत कधीतरी पाठ झालेले असतात. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात मलिक अंबर भेटतो तेव्हा हाही कुणी आभाळाच्या नावाचा माणूस असावा असं वाटून जातं. मला कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं.

त्याच्या नावातला अंबर मात्र अरबी आहे आणि संस्कृतातल्या अंबराशी त्याचं काही नातं नाही. हा अंबर म्हणजे समुद्रावर तरंगत येणारा, वाळूत सापडणारा, सोन्याच्या मोलाने विकला जाणारा एक सुगंधी पदार्थ. कोकण किनाऱ्यावरच्या बातम्यांत हल्ली 'व्हेल माशाची उलटी' म्हणून जिचा उल्लेख येतो, तीच ही वस्तू. हबशी देशातल्या एका मुलाला हे नाव का मिळालं, कुणी दिलं आणि त्या काळी अशी नावं कुणाच्या वाट्याला येत, हे कळलं की सिद्दी जौहर, मलिक काफूर, सिद्दी याकूत ही आपल्या ओळखीची नावंही निराळी ऐकू येऊ लागतात.

आधी अक्षरांचं बघू. अरबीत हे नाव ऐन, नून, बे, रे अशा चार अक्षरांचं. लिहायचं 'अन्बर', पण नूनपुढे बे आला की जीभ आपोआप ओठांकडे वळते आणि उच्चार 'अम्बर' होतो. आपल्या अनुस्वाराची खोडही हीच. टिंब देऊन 'अंबर' लिहितो आणि वाचताना म् म्हणतो. त्यामुळे हे नाव देवनागरीत चपखल बसलं. सुरुवातीचा ऐन तेवढा गळाला. तो घशाच्या तळातून काढायचा आवाज आपल्याकडे नाहीच. अक्कल, अत्तर, औरत हे शब्द अरबीतून आपल्याकडे आले, तेव्हाही तो असाच वाटेत राहिला.

ऐन गेला की दोन वेगळे शब्द एकसारखे दिसू लागतात. पन्हाळ्यावर गंगा, यमुना, सरस्वती नावाची धान्याची तीन प्रचंड कोठारं आहेत. त्यांना अंबरखाना म्हणतात. तिथे ना आकाशाचा संबंध, ना सुगंधाचा. तो फारसीतला 'अंबार', म्हणजे कोठार. इराकमधल्या अन्बार प्रांताचं नावही त्याच कोठारांवरून पडलं. सासानी राजांच्या काळात तिथे मोठी साठवणीची जागा होती. अरबी लिपीत हा शब्द अलिफने सुरू होतो, माणसाचं नाव ऐनने. हत्तीवरच्या अंबारीचं कूळ आणखी तिसरंच.

आता ती वस्तू. स्पर्म व्हेल हा दात असलेला प्रचंड देवमासा खोल समुद्रातले माकूळ खातो. माकुळाची कठीण चोच त्याला पचत नाही. अशा चोचींभोवती आतड्यात मेणासारखा गोळा साठत जातो आणि कधीतरी बाहेर पडतो. म्हणजे 'उलटी' हे बातम्यांतलं नावही तितकंसं बरोबर नाही. ताजा गोळा काळा असतो आणि त्याला घाण वास येतो. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात आणि उन्हात राहिला की तो राखाडी, मग पांढुरका होत जातो आणि त्याचा वास बदलतो. जुन्या गंध्यांच्या लेखी पांढुरका अंबर सर्वांत मोलाचा. अत्तरात टाकला की दुसरे वास टिकवून धरायचा त्याचा गुण मोठा.

हा कुठून येतो याचा पत्ता माणसांना फार उशिरा लागला. कुणी म्हणे समुद्राच्या तळाशी याचे झरे आहेत. अकराव्या शतकातला थोर वैद्य इब्न सिना याचं मतही काहीसं तसंच होतं. कुणी म्हणे हा समुद्राचा फेस, कुणी म्हणे पक्ष्यांची विष्ठा. 1783 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे श्वेडियाउअर नावाच्या वैद्याने मांडलं की हा पदार्थ स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो आणि त्यात सापडणारे तुकडे माकुळाच्या चोचींचे आहेत.

अरबांनी तर या शब्दाने कधी तो पदार्थ सांगितला, कधी तो मासाच. हदीसमध्ये, म्हणजे प्रेषित मुहम्मदांच्या काळच्या आठवणींच्या संग्रहांत, एक प्रसंग आहे. प्रेषितांचे सहकारी अबू उबैदा इब्न अल-जर्राह यांच्या हाताखाली सुमारे तीनशे माणसं समुद्रकाठच्या मोहिमेवर गेली होती. शिधा संपला. झाडांची पानं झोडून खायची वेळ आली. तेवढ्यात लाटांनी एक अवाढव्य मासा किनाऱ्यावर आणून टाकला. जाबिर इब्न अब्दुल्ला सांगतात, त्याला अंबर म्हणत. सगळ्यांनी कित्येक दिवस तो खाल्ला. मग अबू उबैदांनी त्याची बरगडी उभी करायला लावली आणि तिच्याखालून सांडणीस्वार आरामात निघून गेला. प्रेषितांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्यापुढे प्रश्न आला तो कराचा. जमिनीत गाडलेला खजिना सापडला की पाचवा हिस्सा द्यावा लागे. अंबराचं काय? त्यांनी उत्तर दिलं की हा काही गाडलेला खजिना नाही, ही समुद्राने बाहेर टाकलेली वस्तू आहे.

दहाव्या शतकातला अल-मसऊदी अंबर गोळा करणाऱ्यांचं जे चित्र काढतो ते मला फार आवडतं. दक्षिण अरबस्तानातल्या शिहरच्या किनाऱ्यावरचे लोक चांदण्या रात्री उंटांवर बसून वाळूतून फिरतात. उंट शिकवलेले असतात. अंबराचा वास आला की उंट गुडघे टेकतो. मग स्वार खाली उतरतो आणि गोळा उचलतो. शिहरचा आणि समोरच्या आफ्रिकेतल्या, झंजांच्या (पूर्व आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना अरब झंज म्हणत) किनाऱ्यावरचा अंबर उत्तम, असंही तो नोंदवतो.

आफ्रिकेचा हा किनारा इथे महत्त्वाचा आहे. तिथून अंबर येई, हस्तिदंत येई, सोनं येई आणि माणसंही येत. तेच व्यापारी, तीच गलबतं, तीच बंदरं. तिथून आणलेल्या मुलाला विकत घेणाऱ्याने त्याचं नाव अंबर ठेवलं, तर त्याला शब्द शोधायला लांब जावं लागलं नसणार. मालाच्या यादीत तो होताच.

नाव फक्त गुलामांचंच होतं असं मात्र नाही. इस्लामच्या आधीपासून तमीम या मोठ्या अरब टोळीत बनू अल-अंबर नावाची शाखा होती आणि तिचा मूळपुरुष अल-अंबर इब्न अम्र हा स्वतंत्र अरब. 'बल्अंबर' असं आखूड करून ती शाखा ओळखली जाई. अबू तम्मामने नवव्या शतकात जुन्या अरबी कवितांचं जे प्रसिद्ध संकलन केलं, त्याची सुरुवातच या शाखेतल्या एका माणसाच्या कवितेने होते. पण पुढे खलिफांच्या काळात, बगदाद-कैरोच्या वाड्यांत आणि हिंदी महासागराच्या बंदरांत अंबर हे नाव मुख्यतः गुलामांचं, त्यातही आफ्रिकेतून आणलेल्यांचं झालं.

तसं का झालं, हे समजायला एका बेदुइनाचं, वाळवंटात भटकणाऱ्या अरबाचं, उत्तर पुरेसं आहे. अरबी भाषापंडितांनी ते जपून ठेवलं आहे. त्याला कुणीतरी विचारलं, तुम्ही पोटच्या मुलांना कुत्रा, लांडगा अशी ओबडधोबड नावं देता आणि गुलामांना मात्र मर्झूक, रबाह अशी छान नावं, हे कसं? तो म्हणाला, मुलांची नावं आम्ही शत्रूंसाठी ठेवतो, गुलामांची आमच्यासाठी.

एवढ्या एका वाक्यात सगळी पद्धत येते. मुलगा मोठा होऊन लढणार, त्याचं नाव ऐकून समोरच्याला धडकी भरली पाहिजे. गुलाम घरात राहणार, दिवसातून पन्नास वेळा त्याला हाक मारायची, तर ती हाक आपल्या तोंडाला गोड लागली पाहिजे, शकुनाची असली पाहिजे. आपल्याकडेही पोर जगावं म्हणून आईबाप धोंडू, दगडू, केरबा अशी नावं ठेवत. ओबडधोबड नावामागे केवढी माया असते हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आणि सुंदर नावामागे माया असेलच असं नाही, हे त्या बेदुइनाने सांगून ठेवलं.

या प्रथेविषयी प्रेषितांचा एक दंडक 'सहीह मुस्लिम' या हदीसच्या संग्रहात आहे. समुरा इब्न जुंदुब सांगतात की गुलामांना चार नावं ठेवायला त्यांनी मनाई केली. अफलह, रबाह, यसार आणि नाफी. यशस्वी, नफा, सुबत्ता, उपयोगी, असे त्यांचे अर्थ. कारण असं, की कुणी दारात येऊन 'नफा आहे का घरात?' असं विचारलं आणि तो बाहेर गेलेला असला, तर 'नाही' म्हणावं लागतं. घरात नफा नाही, सुबत्ता नाही, असं स्वतःच्या तोंडाने! म्हणजे गुलामाला शुभ शब्दाने हाक मारायची चाल तेव्हाही रुळलेली होती.

शकुनाच्या शब्दांबरोबर दुसरा साठा होता तो पेटीतल्या वस्तूंचा. याकूत म्हणजे माणिक, लुलू म्हणजे मोती, मर्जान म्हणजे पोवळं, जौहर म्हणजे रत्न, अलमास म्हणजे हिरा. सुगंधांत मिस्क म्हणजे कस्तुरी, रैहान, संदल, सुंबुल, काफूर आणि अंबर. पुढे उस्मानी तुर्कांच्या जनानखान्यातले खोजेही सुंबुल आगा अशाच नावांनी ओळखले गेले. ही नावं एका ओळीत ठेवून वाचली की लक्षात येतं, हे सगळं श्रीमंताघरी कुलपात असतं, मोजून-तोलून ठेवलेलं, पाहुणे आले की बाहेर काढायचं. बापाने ठेवलेलं नाव माणसाला कुणाचा तरी मुलगा करतं. या नावांनी माणूस कुणाचा तरी ऐवज होई.

रंगाचाही हिशेब त्यात असे. कस्तुरी आणि ताजा अंबर काळे, म्हणून काळ्या माणसाला ती नावं. फारसी कवितेत काळ्याभोर केसांना 'अंबरीन' म्हणतात ते याच दोन्ही अर्थांनी, रंगाने आणि वासाने. काफूर मात्र पांढराशुभ्र. तरीही इजिप्तवर 946 ते 968 प्रत्यक्षात सत्ता चालवणारा काळा खोजा काफूरच होता. त्याचं टोपणनाव अबुल मिस्क, कस्तुरीचा बाप. एका माणसाच्या नावात पांढरा कापूर आणि काळी कस्तुरी शेजारी शेजारी. अरबीतला थोर कवी मुतनब्बी सुभेदारीच्या आशेने त्याच्या दरबारी राहिला आणि त्याने अबुल मिस्कची तोंड भरून स्तुती केली. आशा फळली नाही तेव्हा मुतनब्बी पळून गेला आणि त्याने जी निंदा लिहिली तिच्यात काफूरच्या गुलामीवर घाला घातला. गुलाम विकत घ्याल तर सोबत काठीही घ्या, अशी ती ओळ आजही अरबांच्या तोंडी आहे. माणूस तोच. देणं मिळेपर्यंत कस्तुरी, न मिळालं की गुलाम.

काफूर म्हणजे आपला कापूर. संस्कृतात कर्पूर, मलायी भाषेत कापुर, अरबीत काफूर. व्यापाराच्या वाटेने हा शब्द सगळीकडे फिरला आणि कुराणात स्वर्गातल्या पेयाच्या वर्णनातही आला. अलाउद्दीन खिलजीच्या फौजेला 1299 मध्ये खंबायतेत सापडलेला जो गुलाम पुढे मलिक काफूर झाला, त्याला 'हजारदिनारी' म्हणत. नाव कापूर आणि बिरुद त्याची किंमत. यादवांच्या देवगिरीवर 1307 मध्ये तो चालून आला, तेव्हा गडाखालच्या देवळांत आरतीला जळणारा पदार्थ आणि फौजेच्या सरदाराचं नाव एकच होतं.

यांच्यातल्या काहींना हे नाव डाचत होतं, याचा एक पुरावा आहे. याकूत अल-हमवी हा मुस्लिम जगातला फार मोठा भूगोलकार. 1179 च्या सुमाराचा जन्म, मूळचा बायझंटाइन मुलुखातला. लहानपणी पकडला गेला आणि बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याला विकत घेतलं. मालकाला स्वतःला लिहिता-वाचता बेताचंच येई, म्हणून हिशेबासाठी त्याने याकूतला शिकवलं. पुढे याकूत मुक्त झाला, पुस्तकं नकलून पोट भरू लागला, देशोदेशी फिरला आणि गावांच्या नावांचा एक अवाढव्य कोश लिहून गेला. चरित्रकार इब्न खल्लिकान नोंदवतो की नाव झाल्यावर त्याने स्वतःला याकूब म्हणायला सुरुवात केली. याकूत आणि याकूब. अरबी लिपीत दुसरं अक्षर, अलिफच्या जागी ऐन, आणि शेवटच्या अक्षराची टिंबं, एवढाच फरक. पहिलं नाव रत्नाचं, दुसरं पैगंबराचं, बापाने मुलाला ठेवावं असं. जगभर गावांच्या नावांचे अर्थ लावत हिंडलेल्या माणसाला स्वतःचं नाव जरासं बदलून हवं होतं. ते त्याला मिळालं नाही. सगळे त्याला आजही याकूतच म्हणतात. बापाच्या जागी तो 'इब्न अब्दुल्ला' लिही. अब्दुल्ला म्हणजे ईश्वराचा दास, म्हणजे कुठल्याही माणसाला लागू पडणारं नाव. ज्यांचा बाप कुणाला माहीत नसे, त्या मुक्त गुलामांची हीच रीत होती.

सगळेच असे अवघडलेले नव्हते. 969 मध्ये कैरो शहर वसवणारा सेनापती जौहर, मोसुलचा राज्यकर्ता बद्रुद्दीन लुलू, बगदादचा सुलेखनकार याकूत अल-मुस्तअसिमी, हे सगळे याच वाटेने आले आणि रत्नांचीच नावं लावून मोठे झाले. आपल्याकडे 1660 मध्ये पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर त्याच नावाचा. 'जवाहीर' हे जौहरचंच अनेकवचन आणि रत्नांचा व्यापारी तो जवाहिऱ्या. जंजिऱ्याच्या सिद्दी कासीमला मोगलांकडून 'याकूतखान' ही पदवी मिळाली, ती तर मानाची. 1689 मध्ये मुंबईवर चालून गेला तो हाच. गुलामाच्या पेटीतलं माणिक तोवर किताब झालं होतं.

अंबर या नावाचं काय झालं ते मात्र एकाच माणसाच्या आयुष्यात सबंध दिसतं.

1548 च्या सुमारास इथिओपियात एक मुलगा जन्मला. नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेला आणि तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात 80 डच गिल्डरना विकला गेला. तिथून बगदादला मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याकडे. त्याने मुलाला शिकवलं, मुसलमान केलं आणि त्याची हुशारी पाहून अंबर हे नाव दिलं. यात कौतुक होतंच. सर्वांत दुर्मीळ सुगंधाचं नाव ज्याला त्याला देत नसत. पण ते विकत घेतलेल्या चांगल्या वस्तूचं कौतुक होतं आणि पुढे ही वस्तू दख्खनच्या बाजारात आणली गेलीच. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने अंबरला विकत घेतलं. चंगीझखान स्वतः कधीकाळी हबशी गुलाम होता आणि त्याच्या पदरी सुमारे हजार हबशी होते.

1574-75 च्या सुमारास चंगीझखान वारला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. मग वीस वर्षं भाडोत्री शिपायाचं जिणं. विजापूरकरांच्या चाकरीत असताना त्याला 'मलिक' हा किताब मिळाला.

इथे जरा थांबायला हवं. अरबीत मीम, लाम, काफ या तीन अक्षरांचा धातू म्हणजे ताब्यात असणं, मालकी असणं. त्यापासून 'मालिक', ज्याच्या ताब्यात आहे तो, आपला मालक. 'मुल्क', ताब्यातली भूमी, आपला मुलूख. 'मलिक', राजा किंवा सरदार. आणि 'मम्लूक', जो ताब्यात आहे तो, गुलाम. मोखाच्या धक्क्यावर उभा असलेला चापू मम्लूक होता. तीच तीन अक्षरं पुन्हा त्याच्या नावापुढे लागली तेव्हा तो मलिक झाला. 'अंबर' मात्र त्याने टाकलं नाही. किताब नावापुढे लागला, विकत घेतलेल्या दिवसाचं नाव मागे तसंच राहिलं.

पुढचं महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1600 मध्ये अहमदनगर पडल्यावर त्याने निजामशाही वंशातला एक मुलगा परांड्याला गादीवर बसवला, आपली मुलगी त्याला दिली आणि बुडालेलं राज्य पुन्हा उभं केलं. 1610 मध्ये खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली. मालोजी आणि शहाजी भोसले त्याच्याच काळात निजामशाहीत वर आले. 1624 मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकदम मोडल्या. जमिनीची पाहणी करून त्याने जो धारा बसवला त्याला महसुली मराठीत 'मलिकंबरी' म्हणू लागले. मलिक आणि अंबर एकत्र मिसळून त्याला ई लागली आणि गुलामाचं नाव कुळकर्ण्याच्या दप्तरात विशेषण होऊन बसलं. खडकीला पाणी आणणारी, जमिनीखालून गेलेली ती 'नहर-ए-अंबरी'.

शत्रूंनी याच नावाशी काय केलं तेही पाहावं. जहांगीर बादशाह आत्मचरित्रात त्याचा उल्लेख करताना काळ्या तोंडाचा, काळ्या नशिबाचा, अशी विशेषणं जोडतो. अबुल हसन या चित्रकाराने 1616 च्या सुमारास काढलेलं एक चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला जहांगीर धनुष्य ताणून भाल्यावर खोचलेल्या एका काळ्या मस्तकावर नेम धरतो आहे. मस्तक अंबरचं. मस्तकावर घुबड बसलेलं. प्रत्यक्षात अंबर त्यानंतर आणखी दहा वर्षं जगला आणि जहांगिराच्या हाती कधी लागला नाही. चित्र पाहताना मला मुतनब्बीची काठी आठवते. ज्याला हरवता येत नाही त्याला त्याच्या विकत घेतलेल्या जन्माची आठवण करून द्यायची, ही तीच जुनी चाल. 1626 च्या मे महिन्यात अंबर वारला तेव्हा मात्र जहांगिराचाच बखरकार मुतमदखान याने लिहिलं की लढाईत, हुकमतीत आणि कारभारात त्याला जोड नव्हती आणि एका हबशी गुलामाने एवढी उंची गाठल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही.

युरोपात हा शब्द वेगळ्याच वाटेला लागला. अरबी अंबराचा फ्रेंचांनी 'आंब्र' केला. मग बाल्टिक समुद्राकाठी सापडणाऱ्या पिवळ्या, गोठलेल्या राळेलाही तेच नाव पडलं, कारण तीही किनाऱ्यावर वाहून येई. एक राखाडी आंब्र, एक पिवळा आंब्र. होता होता राळच शब्दाची मालकीण झाली आणि इंग्रजीतलं ॲम्बर हे मुलींचं लाडकं नाव त्यातून आलं. अरबांनी राळेला सहसा अंबर म्हटलं नाही. त्यांच्याकडे तिला फारसीवरून 'कहरुबा' म्हणतात, म्हणजे गवताची काडी ओढून घेणारी. विजेला आजचा अरबी शब्द 'कहरबा' तोच.

आपल्याकडे युनानी औषधांच्या दुकानात एक बरणी मिळते, 'खमीरा गावजुबान अंबरी जवाहरवाला'. अंबर आणि जौहर दोघेही त्या लेबलवर शेजारी नांदतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बरणी हातात धरून तशीच उभी राहिले. अत्तराच्या दुकानात 'अंबर' मागितलं की दुकानदार काचेची काडी मनगटावर फिरवतो. गोडसर, उबदार, राळेचा वास येतो. त्यात देवमाशाच्या आतड्यातलं बहुधा काहीच नसतं. वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे अस्सल अंबर बाळगणं आणि विकणं हा गुन्हा आहे, म्हणून तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून दर काही महिन्यांनी धरपकडीच्या बातम्या येतात.

अंबरची कबर खुलताबादला आहे, त्याने हयातीतच बांधून घेतलेली. घुमट मोठा आहे. जवळच बायकोची, सिद्दी करीमाची, लहान घुमटाची कबर. तिथे उभं राहिलं की त्याच्या पहिल्या नावाचा विचार मनात येतो. 1617 च्या नोव्हेंबरात सुरतेहून मछलीपट्टणला खुष्कीने निघालेला डच व्यापारी पीटर फान डेन ब्रूके वाटेत अंबरच्या छावणीत थांबला. हा करारी, रोमन चेहऱ्याचा माणूस त्याने पाहिला आणि आपल्या टिपणवहीत मोखा, 80 गिल्डर आणि चापू हे तीन तपशील उतरवून ठेवले. सत्तरीला टेकलेल्या, अर्धा दख्खन हाताळणाऱ्या त्या माणसाच्या भोवती आईने मारलेली हाक अजून कुणाच्या तरी ओठांवर होती, म्हणूनच ती त्या वहीपर्यंत पोचली.

आणि स्वतः नाव ठेवायची पाळी आली तेव्हा? त्याच्या मुलांत कुणी याकूत नाही, कुणी काफूर नाही. एकाचं नाव फतेहखान. फतेह म्हणजे विजय, शत्रूंच्या कानांसाठी ठेवलेलं, त्या बेदुइनाला पटलं असतं असं. दुसऱ्याचं नाव चंगीझखान. अहमदनगरच्या बाजारात ज्याने बापाला विकत घेतलं होतं, त्या पेशव्याचं.